सहकारी धान्य साठवण (महाराष्ट्र)

सहकारी धान्य साठवण म्हणजे सुगीनंतर हाती आलेले धान्य, कडधान्ये व गळिताची धान्ये शेतकऱ्यांनी आपल्या सहकारी संस्थेच्या गोदामात एकत्रितपणे ठेवण्याची, त्यांची निगा राखण्याची आणि योग्य वेळी ती विकण्याची अथवा परत घेण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने गावपातळीवरील विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, तालुका पातळीवरील खरेदी-विक्री संघ आणि आदिवासी क्षेत्रातील आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था यांच्यामार्फत चालते. घरातील साठवणीत धान्य एका कुटुंबाचे असते व त्याची जबाबदारीही त्याच कुटुंबाची असते. सहकारी गोदामात मात्र अनेकांचे धान्य एका छपराखाली येते. त्यामुळे साठवणीच्या शास्त्राबरोबरच मोजमाप, नोंदी, विश्वास आणि नुकसानीची वाटणी हे प्रश्नही तेथे तितकेच महत्त्वाचे ठरतात.

साठवणीमागील हेतू

पीक वर्षातून एकदा किंवा दोनदा येते, पण खाणाऱ्याला ते बारा महिने लागते. या दोहोंमधील अंतर भरून काढणे हा साठवणीचा मूळ हेतू होय. दुसरा हेतू आर्थिक आहे. सुगीच्या काळात सर्वांचाच माल एकाच वेळी बाजारात येत असल्याने भाव उतरतात. त्याच सुमारास शेतकऱ्याला पीक कर्ज, मजुरी, उधारी व घरखर्च भागवायचा असतो. ज्याच्याकडे माल ठेवायला जागा नाही आणि थांबायला पैसा नाही, त्याला मिळेल त्या भावाने विक्री करावी लागते. जागा आणि हातात थोडी रक्कम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी उपलब्ध करून देणे हे सहकारी गोदामाचे खरे प्रयोजन मानले जाते.

परंपरागत साठवण व तिची परिभाषा

सहकारी गोदामे येण्यापूर्वी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत साठवणीच्या निरनिराळ्या पद्धती रूढ होत्या. त्यांपैकी काही आजही आढळतात.

कणगी : बांबूच्या कामट्या किंवा निरगुडीसारख्या झाडांच्या काटक्या विणून केलेले उंच, गोलाकार पात्र. ते आतून-बाहेरून शेण व मातीने सारवले जाते. मोठ्या कणगीस कणग म्हणतात.

बळद : जुन्या वाड्यांत किंवा घरांत भिंतीलगत बांधलेली धान्याची बंदिस्त जागा. धान्य वरून ओतले जाते व खालच्या लहान तोंडातून काढले जाते.

उतरंड : मातीची मडकी मोठ्यापासून लहानापर्यंत एकावर एक रचून केलेली साठवण. बी-बियाणे व कडधान्ये यांसाठी ती विशेष सोयीची असे.

मुडा : कोकणात भाताच्या पेंढ्यात भात किंवा तांदूळ घट्ट गुंडाळून, पेंढ्याच्याच दोरीने आवळून केलेला गोल गठ्ठा.

पेव : जमिनीखालील खड्डा. पठारी प्रदेशात ज्वारी साठवण्यासाठी कठीण मुरमाच्या जमिनीत तो खणला जाई. तळाला व बाजूंना कडब्याचा किंवा भुसाचा थर देऊन धान्य भरल्यावर तोंड माती व शेणाने लिंपून बंद करीत. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध असून २००५ मधील कृष्णेच्या महापुरात पाणी शिरल्याने त्यांतील अनेक निकामी झाली. एखादी गोष्ट एकाएकी विपुल प्रमाणात दिसू लागणे या अर्थाचा 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार याच शब्दावरून मराठीत रूढ झाला आहे.

पेवाचे तत्त्व शास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचे आहे. तोंड हवाबंद केल्यावर धान्याच्या व किडींच्या श्वसनामुळे आतील प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड गुदमरून मरते. याच कारणामुळे नुकतेच उघडलेले पेव माणसालाही घातक ठरते. पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच मोकळे ठेवून, आत दिवा सोडून तो विझत नाही याची खात्री करूनच खाली उतरण्याची जुनी रीत होती. आजच्या हवाबंद प्लॅस्टिक पिशव्यांमागील तत्त्व पेवाहून वेगळे नाही.

राजसत्तेची धान्यकोठारे हाही साठवणीच्या परंपरेचा एक भाग होता. पन्हाळगडावरील अंबारखान्यात गंगा, यमुना व सरस्वती या नावांची तीन कोठारे आहेत. दुर्गादेवीच्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे भुकेलेल्या लोकांसाठी खुली केली, ही कथा संतचरित्रांतून व लोकपरंपरेतून चालत आलेली आहे. कोठार कोणाच्या मालकीचे आणि ते कोणासाठी उघडायचे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या स्मृतीत किती जुना आहे, हे या कथेवरून दिसते.

सहकारी गोदामांचा इतिहास

भारतात सहकारी पतसंस्थांना १९०४ च्या कायद्याने मान्यता मिळाली. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज खरेदी, विक्री आदी कामांसाठीही सहकारी संस्था स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. तरीही स्वातंत्र्यापर्यंत गावपातळीवरील बहुतेक संस्था कर्जवाटपापुरत्याच मर्यादित राहिल्या.

या क्षेत्राला निर्णायक वळण अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीच्या अहवालाने दिले. ए. डी. गोरवाला हे या समितीचे अध्यक्ष होते आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कर्ज, विक्री व साठवण या तिन्ही गोष्टी परस्परांशी जोडल्याशिवाय ग्रामीण सहकार यशस्वी होणार नाही, असे प्रतिपादन करण्यात आले. त्यानुसार १९५६ मध्ये शेतमालाचा विकास व वखारी यांविषयीचा कायदा झाला. १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि त्याच वर्षी तत्कालीन मुंबई राज्यात राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. पुढे १९६२ मध्ये वखार महामंडळांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला.

१९५८ मध्ये राज्य सहकारी पणन महासंघाची स्थापना झाली. हीच संस्था 'मार्केटिंग फेडरेशन' या नावाने शेतकऱ्यांत ओळखली जाते. सहकारी संस्थांसंबंधीचा राज्याचा मुख्य कायदा १९६० चा आहे. १९६३ मध्ये राष्ट्रीय सहकार विकास निगम अस्तित्वात आले व सहकारी गोदामांच्या बांधणीसाठी त्याच्यामार्फत अर्थसाहाय्य मिळू लागले. अन्नटंचाईच्या १९६० च्या दशकात राज्य शासनाने ज्वारी व भात यांची खरेदी सहकारी यंत्रणेमार्फत केल्यामुळे खरेदी-विक्री संघांच्या गोदामांना विशेष महत्त्व प्राप्त झाले. आदिवासी भागासाठी १९७२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन करण्यात आले.

२००१ मध्ये केंद्र शासनाने ग्रामीण भांडारण योजना सुरू केली. २००७ चा वखार (विकास व नियमन) कायदा २०१० मध्ये अमलात आला व गोदाम पावतीला कायद्याने हस्तांतरणीय दस्तऐवजाचा दर्जा मिळाला. ३१ मे २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकार क्षेत्रात सुमारे ७०० लाख टन साठवण क्षमता निर्माण करण्याच्या योजनेस मंजुरी दिली. या योजनेच्या पथदर्शी टप्प्यात अकरा राज्यांतील अकरा प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या गोदामांचे उद्घाटन २४ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. त्यांत महाराष्ट्रातून अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाई येथील संस्थेचा समावेश होता.

संस्थात्मक रचना

राज्यात वीस हजारांहून अधिक प्राथमिक कृषी पतसंस्था आहेत. ग्रामीण बोलीत त्यांना 'विकास सोसायटी' किंवा नुसते 'सोसायटी' म्हणतात. निवडून आलेले संचालक मंडळ धोरण ठरवते व सचिव दैनंदिन कारभार पाहतो. अनेक ठिकाणी एकाच गटसचिवाकडे दोन-तीन गावांच्या संस्था असतात. गोदाम असलेल्या संस्थेत त्याच्यासोबत एखादा गोदामपाल, शिवाय हंगामापुरते मापाडी व हमाल असतात.

गोदामात येणारे धान्य मालकीच्या दृष्टीने तीन प्रकारचे असते :

१. सभासदाचे स्वतःचे धान्य : ते सुरक्षित ठेवण्यासाठी अथवा कर्जाचे तारण म्हणून आणले जाते. मालकी शेतकऱ्याकडेच राहते.

२. शासकीय खरेदीचे धान्य : किमान आधारभूत किमतीने खरेदी केलेला भात, तूर, हरभरा, सोयाबीन, मका इत्यादी माल. संस्था येथे अभिकर्ता म्हणून काम करते. धान्य तिचे नसते, मात्र त्याची जोखीम काही काळ तिच्यावर असते.

३. धान्यकोशातील धान्य : सभासदांनी एकत्र जमा केलेले व गरजूंना उसने देण्यासाठी ठेवलेले धान्य.

या तीन प्रकारांचे नियम वेगवेगळे असल्याने त्यांच्या थप्प्या व नोंदवह्याही स्वतंत्र ठेवाव्या लागतात.

गोदामाची रचना

धान्याच्या गोदामासाठी पाणी न साचणारी, रस्त्यालगतची व उंच जागा निवडली जाते. जोते जमिनीपासून साधारणतः ७५ सेंमी ते १ मी. उंच असते. त्यामुळे पावसाचे पाणी आत येत नाही, उंदीर-घुशींना अटकाव होतो आणि मालमोटारीत माल चढवणे-उतरवणेही सोपे जाते. जमीन काँक्रीटची व ओल न धरणारी असावी लागते. भिंतींच्या वरच्या व खालच्या बाजूस झरोके असून त्यांना पक्षी व उंदीर रोखणारी जाळी बसवलेली असते. भिंतीतील भेगा वेळच्या वेळी बुजवणे आवश्यक असते, कारण रिकाम्या गोदामातही कीड याच भेगांत टिकून राहते.

पोती थेट जमिनीवर न ठेवता लाकडी चौकटींवर किंवा ताडपत्रीवर अंथरलेल्या बांबूच्या चटयांवर रचतात. पोत्यांचा एक थर उभा व दुसरा आडवा रचल्याने थप्पी एकमेकींत बांधली जाते व ढासळत नाही. थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये माणसाला फिरता येईल इतके अंतर ठेवतात. हे अंतर जागा वाया घालवणारे वाटले, तरी तपासणी, सफाई, औषधफवारणी व पोत्यांची मोजणी यांसाठी ते अपरिहार्य असते. भिंतीला टेकलेल्या थप्पीत भिंतीची ओल उतरते आणि मागील बाजूचे नुकसान माल उचलेपर्यंत लक्षात येत नाही.

कार्यपद्धती

माल गोदामात आल्यावर प्रथम पोत्यात पोकळ सळई खुपसून निरनिराळ्या जागांचे नमुने काढले जातात. त्यांतील काडीकचरा, माती, फुटके व किडके दाणे यांचे प्रमाण आणि आर्द्रता तपासली जाते. आर्द्रतामापक उपलब्ध होण्यापूर्वी दाणा दाताखाली फोडून किंवा मूठभर धान्य हातात खुळखुळवून ओल ओळखली जाई. अनुभवी मापाडी आजही तसे करतात, पण वादाच्या प्रसंगी यंत्राचा आकडा ग्राह्य धरला जातो.

त्यानंतर वजन होते व बारदानाचे वजन वजा केले जाते. शेतकऱ्याचे नाव, वाण, पोत्यांची संख्या, निव्वळ वजन, आर्द्रता व दिनांक यांची नोंद होऊन पावती दिली जाते. प्रत्येक थप्पीवर एक पत्रक लावतात व आवक-जावक त्यावर लिहितात. जो माल आधी आला तो आधी बाहेर काढावा, हा साठवणीचा सर्वमान्य नियम आहे.

गोदामातील माल किमान पंधरा दिवसांतून एकदा तपासणे आवश्यक मानले जाते. पोत्यात हात घातल्यावर उबदार लागणे, कुबट वास येणे, पोत्याच्या शिवणीवर पीठ दिसणे, किंवा थप्पीखाली लेंड्या आढळणे ही बिघाडाची लक्षणे होत. कोरड्या, निरभ्र दिवशी दारे-झरोके उघडून वारा खेळवतात. पावसाळी दमट हवेत ती बंद ठेवतात. गोदाम नेहमी उघडे ठेवणे म्हणजे चांगले वायुवीजन, ही समजूत चुकीची आहे.

आर्द्रता

साठवणीतील यशापयश बव्हंशी आर्द्रतेवर अवलंबून असते. दाणा मळणीनंतरही सजीव असतो व श्वसन करतो. ओल जितकी अधिक तितके श्वसन जलद होते, त्यातून उष्णता व आणखी ओल निर्माण होते आणि बुरशीला पोषक परिस्थिती तयार होते. भुईमूग व मका यांसारख्या मालावर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. ते यकृताला अपायकारक असून साध्या शिजवण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

दीर्घकाळ साठवणीसाठी तृणधान्यांत सुमारे १२ टक्के, कडधान्यांत ९ ते १० टक्के आणि गळिताच्या धान्यांत ७ ते ८ टक्के आर्द्रता सुरक्षित समजली जाते. शासकीय खरेदीत मात्र मर्यादा अधिक शिथिल असतात : भातासाठी १७ टक्के, मका व ज्वारीसाठी १४ टक्के, सोयाबीन व तुरीसाठी १२ टक्के. म्हणजेच खरेदीस पात्र असलेला माल दीर्घ साठवणीस पात्र असतोच असे नाही. ही तफावत समजून न घेतल्याने अनेक गोदामांत नुकसान होते.

धान्य सभोवतालच्या हवेशी ओलीची देवाणघेवाण करते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असता धान्याची ओल हळूहळू १३ ते १४ टक्क्यांवर स्थिरावते. पावसाळ्यात हवा याहून दमट असल्याने उन्हाळ्यात उत्तम वाळवलेले धान्यही पुन्हा ओल धरते.

कीड व उपद्रवी प्राणी

साठवणीतील प्रमुख किडी पुढीलप्रमाणे आहेत :

सोंडे : तांदूळ, गहू, ज्वारी व मका यांत आढळतात. मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते व छिद्र बुजवते. अळी व कोष या अवस्था दाण्यातच पार पडत असल्याने प्रौढ कीड बाहेर पडेपर्यंत धान्य वरून निर्दोष दिसते. उबदार हवामानात ही पिढी सुमारे महिन्याभरात पूर्ण होते.

खापरा भुंगेरा : गव्हाची मुख्य कीड. नुकसान अळी करते. प्रतिकूल काळात अळी भिंतीच्या भेगांत अन्नावाचून दीर्घकाळ, प्रसंगी वर्षानुवर्षे, सुप्त राहू शकते.

धान्य पोखरणारा लहान भुंगेरा : याचे प्रौढ व अळ्या दोन्ही दाणा पोखरतात व पोत्यात पिठाचा भुगा साचतो.

तांबडा भुंगेरा : पीठ, रवा व फुटके दाणे यांवर वाढतो. त्यामुळे चाळून स्वच्छ केलेल्या मालात त्याचा उपद्रव कमी असतो.

कडधान्यांवरील भुंगेरा : तूर, मूग, चवळी, हरभरा यांवर आढळतो. प्रादुर्भावाची सुरुवात अनेकदा शेतातील शेंगेवरच होते. दाण्यावर चिकटलेली पांढरी अंडी ही त्याची खूण. डाळ केल्यास त्याचा उपद्रव बराच घटतो.

पतंग : धान्यावरील व तांदळावरील पतंगांच्या अळ्या दाणे खातात. तांदळावरील पतंगाच्या अळ्या जाळी विणून दाण्यांचे पुंजके करतात.

उंदीर व घुशी जेवढे खातात त्याहून अधिक नासधूस करतात. पोती कुरतडणे, मलमूत्राने माल दूषित करणे व जोत्याखाली बिळे करून इमारतीस धोका पोहोचवणे हे त्यांचे उपद्रव होत.

प्रतिबंधासाठी रिकाम्या गोदामाची संपूर्ण सफाई, जुन्या पोत्यांचे निर्जंतुकीकरण आणि भिंती व पोत्यांच्या बाह्य भागावर मॅलॅथिऑन किंवा डेल्टामेथ्रिन यांसारख्या मान्यताप्राप्त कीटकनाशकाची फवारणी केली जाते. कीड लागल्यावर थप्पी हवाबंद आच्छादनाखाली झाकून ॲल्युमिनियम फॉस्फाइडने धुरी देतात. हवेतील ओलीशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन हा वायू बाहेर पडतो. तो मनुष्यासही प्राणघातक असल्याने ही धुरी केवळ अधिकृत व प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखालीच देता येते. राहत्या घरात किंवा घराला लागून असलेल्या खोलीत तिचा वापर कधीही करू नये. आच्छादन फाटके असल्यास अथवा मुदतीपूर्वी काढल्यास कीड पूर्ण मरत नाही. अशा अपुऱ्या धुरीतून वाचलेल्या किडींमध्ये फॉस्फीनविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढत असल्याचे आढळले आहे.

घरगुती साठवणीत कडुनिंबाचा पाला, राख, बिब्बे, तसेच तूर-मुगाला तेलाचा हात लावणे यांसारखे उपाय प्रचलित आहेत. कडधान्यांना खाद्यतेल लावल्याने भुंगेऱ्याची अंडी घालण्याची व उबण्याची क्रिया मंदावते, हे प्रयोगांतूनही दिसून आले आहे. मोठ्या गोदामात मात्र हे उपाय व्यवहार्य ठरत नाहीत.

घट आणि तूट

साठवणीतील वजन कमी होण्याची कारणे दोन प्रकारची असतात. कीड, उंदीर, गळती, भिजणे वा चोरी यांमुळे होणारे नुकसान टाळता येण्याजोगे असते. याउलट ओल उडून गेल्याने कमी होणारे वजन ही नैसर्गिक घट होय. दोन्हींचा उल्लेख व्यवहारात 'तूट' या एकाच शब्दाने होतो आणि वादाचे मूळ बहुधा येथेच असते.

घटीचे गणित सोपे आहे. १७ टक्के आर्द्रतेचा १०० क्विंटल भात घेतला, तर त्यात ८३ क्विंटल शुष्क भाग व १७ क्विंटल पाणी असते. हाच भात वाळून १४ टक्क्यांवर आला की ८३ क्विंटल हा त्याचा ८६ टक्के भाग ठरतो व एकूण वजन सुमारे ९६.५ क्विंटल भरते. एकही दाणा न सांडता, न चोरीला जाता साडेतीन क्विंटल वजन कमी होते. भरडाईसाठी माल उचलण्यास जितका विलंब होतो तितकी ही घट वाढते. मान्य मर्यादेपलीकडील तूट संस्थेच्या कमिशनमधून कापली जाते किंवा तिच्याकडून वसूल केली जाते. पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या भातउत्पादक जिल्ह्यांत खरेदी करणाऱ्या संस्थांची ही जुनी तक्रार आहे. गोदाम अपुरे पडल्याने उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवलेला भात अवकाळी पावसात भिजून त्याला कोंब फुटण्याचे प्रकारही तेथे घडलेले आहेत.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. संभाव्य तूट भरून काढण्यासाठी काही ठिकाणी माल घेतानाच पोत्यामागे थोडे अधिक वजन घेतले जाते. बाजारात अशा कपातीला 'कडता' म्हणतात. वाळलेला माल आणणाऱ्या शेतकऱ्याकडूनही ओलसर मालाइतकाच कडता घेतला, तर प्रामाणिकपणे वाळवणाऱ्यावर अन्याय होतो. याउलट संस्थेला नैसर्गिक घट अजिबात मान्य न केल्यास प्रामाणिक सचिवही दोषी ठरतो. आवक व जावक अशा दोन्ही वेळी आर्द्रतेची नोंद ठेवणे आणि त्यानुसार घटीचा हिशेब करणे हाच यावरील न्याय्य उपाय होय. तसे केल्यास नैसर्गिक घट व खरे नुकसान वेगवेगळे दाखवता येते.

देशपातळीवर १९६० च्या दशकातील पानसे समितीने काढणीपश्चात नुकसान सुमारे ९.३ टक्के असल्याचा अंदाज केला होता. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तृणधान्यांतील नुकसान ४.६५ ते ५.९९ टक्के, तर कडधान्यांतील ६.३६ ते ८.४१ टक्के आढळले. हे आकडे काढणी, मळणी, वाहतूक व साठवण या सर्व टप्प्यांचे एकत्रित आहेत.

शेतमाल तारण व गोदाम पावती

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबवते. या योजनेत शेतकरी आपला माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या काही भागाइतके कर्ज घेतो. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, भात इत्यादींसाठी किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी देण्याची तरतूद आहे. व्यापाऱ्यांचा माल या योजनेत स्वीकारला जात नाही.

नोंदणीकृत गोदामाची पावती बँकेकडेही तारण ठेवता येते. २०१७ पासून अशा पावत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याची सोय झाली आहे. मात्र त्यासाठी गोदामाची नोंदणी, विमा, प्रतवारीची सोय व प्रशिक्षित कर्मचारी यांची आवश्यकता असते. अनेक लहान सहकारी गोदामांना या अटींची पूर्तता करणे कठीण जाते.

माल थांबवून ठेवणे नेहमीच फायद्याचे असते असे नाही. उदाहरणादाखल सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,००० रुपये मानू. १० क्विंटल माल तारण ठेवल्यास ३०,००० रुपये कर्ज मिळेल व सहा महिन्यांचे व्याज ९०० रुपये होईल. या काळात आर्द्रता १२ वरून १० टक्क्यांवर आली, तर वजन सुमारे ९.७८ क्विंटल भरेल. गोदामभाडे व हमाली न धरताही, भाव सुमारे ४,१८३ रुपयांच्या पुढे गेला तरच थांबण्याचा लाभ होईल. भाव उतरला तर तोटा शेतकऱ्याचाच असतो. असे असले, तरी हातात तातडीची रक्कम येत असल्याने पडेल भावात विकण्याची सक्ती टळते, हे या योजनेचे मुख्य महत्त्व आहे.

धान्यकोश

डोंगराळ व आदिवासी भागांत पावसाळ्याचे महिने टंचाईचे असतात. जुने धान्य संपलेले असते व नवे पीक शेतात असते. या काळात सावकाराकडून धान्य उसने घेऊन सुगीला सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट वा दीडपट, परत करण्याची पद्धत होती. उभे पीक आधीच कवडीमोलाने लिहून देण्याच्या प्रथेस 'पालेमोड' म्हणत. या पिळवणुकीला पर्याय म्हणून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज देण्यात येऊ लागले. तसेच केंद्र शासनाने १९९६-९७ मध्ये ग्राम धान्यकोश योजना सुरू केली. धान्यकोशात सभासद सुगीला ठरावीक माप धान्य जमा करतात, गरजेला उचल करतात व पुढील सुगीला अल्प वाढाव्यासह परत करतात. येथे देणे-घेणे धान्यातच होत असल्याने भावातील चढउताराचा परिणाम सभासदावर होत नाही. मात्र पीक बुडालेल्या वर्षी सर्वांचीच परतफेड एकदम थांबते व कोश रिकामा होतो, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

अडचणी

सहकारी गोदामांपुढील प्रमुख अडचणी पुढीलप्रमाणे सांगितल्या जातात :

१. जुन्या गोदामांची गळकी छपरे व दुरुस्तीसाठी निधीचा अभाव. अशी गोदामे पुष्कळदा धान्याऐवजी खत ठेवण्यासाठी वापरली जातात. खत व धान्य एकाच दालनात ठेवणे धोकादायक असते.

२. गोदामाचा वापर वर्षातील तीन-चार महिनेच होत असल्याने उत्पन्न कमी व खर्च बारमाही.

३. धान्य वाळवण्याची, चाळण्याची व प्रतवारीची सोय नसणे. पक्के खळे किंवा यांत्रिक वाळवणी यंत्र नसल्यास ओला माल तसाच स्वीकारावा लागतो.

४. प्रशिक्षित गोदामपालाची उणीव.

५. लहान शेतकऱ्याकडील पाच-दहा पोती गोदामापर्यंत आणण्याचा वाहतूक खर्च. गोदाम गावापासून दूर असल्यास हा खर्च साठवणीच्या लाभाहून अधिक होतो.

या अडचणींवर मात करण्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत देण्यात येते व प्राथमिक सहकारी संस्थाही तिच्यासाठी पात्र आहेत. इमारतीइतकेच महत्त्व तिच्या दैनंदिन देखभालीला असल्याने, गोदामाबरोबर आर्द्रतामापक, वजनकाटा, चाळणी यंत्र व प्रशिक्षित माणूस यांची तरतूद असल्यासच अशा गुंतवणुकीचा लाभ सभासदांपर्यंत पोहोचतो.

हे सुद्धा पहा

कृषी उत्पन्न बाजार समिती
भारतीय अन्न महामंडळ
किमान आधारभूत किंमत
प्राथमिक कृषी पतसंस्था
सार्वजनिक वितरण व्यवस्था